एक महिना तुझा, एक माझा

तासगावातून बाहेर पडलं की बेदाण्याच्या शेडी लागतात, शेडींच्या पलीकडं द्राक्षबागा, आणि दोन्हींच्या मधे एक कौलारू चर्च आहे. फार मोठं नाही. सत्तर माणसं बसली की एकाहत्तराव्याला उभं राहावं लागतं. फाटकाशी एक काळा फळा टांगलाय. त्या फळ्यावर दर शनिवारी संध्याकाळी सुलाबाई खडूनं चार ओळींचं चिंतन लिहिते, आणि आठवडाभर रस्त्यानं येणारी-जाणारी माणसं ते वाचतात. ट्रॅक्टरवाले वाचतात, शेडीवर कामाला जाणाऱ्या बाया एकमेकींना वाचून दाखवतात. हल्ली सुलाबाईची सून मयूरी त्याचा फोटो काढून चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकते. मग तिथं हात जोडल्याची चित्रं येतात, पुण्या-मुंबईला गेलेली तासगावची पोरं ‘बाई, आज याचीच गरज होती’ असं लिहितात.

आणि लिहायची कसं, विचारा! सुलाबाई बालवाडीची रिटायर बाई. वय बहात्तर, अक्षर मात्र अजून पाटीवर गिरवायला द्यावं असं. पोथ्यापुराणातलं मोठं काही लिहायची नाही. एकदा लिहिलं, ‘भाकरी थापताना हात आधी पाण्यात बुडवावा लागतो, नाहीतर पीठ बोटांना चिकटतं. सकाळी मन आधी प्रार्थनेत बुडवा, दिवस चिकटणार नाही.’ दुसऱ्या एका वेळी लिहिलं, ‘टँकर येणार की नाही हे ठाऊक नसताना जी बाई हंडा घेऊन रांगेत उभी राहते, तिला विश्वास म्हणजे काय ते शिकवायला जाऊ नका.’ हे वाचून जतकडचा एक म्हातारा मेंढरं रस्त्यात सोडून फळ्यापुढं उभा राहिला होता म्हणतात. मेंढरांनी तेवढ्यात शेजारच्या बागेची कड खाल्ली, ते वेगळं.

प्रेमावर लिहिलं, धीरावर लिहिलं, दुखण्यावर, म्हातारपणावर, गॅसच्या टाकीवरसुद्धा लिहिलं. एका गोष्टीवर मात्र अकरा वर्षांत एक ओळ लिहिली नाही. क्षमा. तो शब्द सुलाबाईच्या खडूला माहीतच नसावा. मंडळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिला कोण बोलणार? जीभ तिची मिरचीची, आणि आधीच अर्धी मंडळी तिच्याच बालवाडीतून शिकून गेलेली.

कारण काय, तर रंगुबाई.

अकरा वर्षांपूर्वी या दोघींचं बोलणं बंद झालं. चर्चचे तेव्हाचे पाळकसाहेब कडक. त्यांनी दोघींना समजावलं, मग दटावलं, आणि शेवटी वैतागून व्यासपीठावरून सांगून टाकलं, “एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघींनी प्रभूच्या मेजावर एकत्र गुडघे टेकू नयेत.” महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, मेजापुढं गुडघे टेकून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. पहिल्या महिन्यात दोघी बाहेर बसून राहिल्या, एक चिंचेखाली आणि एक फाटकाशी. दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात सुलाबाईच्या डोक्यात उजेड पडला. साहेब काय म्हणाले? एकत्र टेकू नयेत. एकत्र नको ना, मग एकटीनं चालतंय की! प्रवचन संपल्यावर ती उठून मेजापाशी गेली. तिला पुढं जाताना बघून रंगुबाई मुकाट उठली आणि बाहेर गेली. पुढच्या महिन्यात रंगुबाई आत, सुलाबाई बाहेर. पडला पायंडा.

तेव्हापासून जानेवारी सुलाबाईचा, फेब्रुवारी रंगुबाईचा, मार्च सुलाबाईचा, असं चाललंय. कुणी ठरवलं नाही, कुणी लिहून ठेवलं नाही, पण अकरा वर्षांत एकदाही चूक झाली नाही. नाताळचं प्रभुभोजन डिसेंबरात, म्हणजे रंगुबाईच्या वाट्याला. सुलाबाईनं अकरा नाताळ प्रभुभोजनाविना काढले, पण एका शब्दानं कुरकुर केली नाही. ते कडक साहेब बदलून गेले, त्यांच्यामागं दोन आले नि गेले. आता तरुण साहेब आहेत. नवीन पाळक आला की चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा बिराप्पा पहिल्याच दिवशी त्याला सांगतो, “साहेब, हितं आसंच हाय. दोघीत एक. तुमी मनाला लावून घेऊ नका.”

आणि खरी गंमत पुढंच आहे. मेजावरची भाकर सुलाबाईच्या घरून जायची आणि द्राक्षारस रंगुबाईच्या घरून. रंगुबाई बेदाणे रात्री भिजत घालायची, पहाटे उकळायची, धुतल्या फडक्यातून गाळायची. म्हणजे सुलाबाई तिच्या महिन्यात रंगुबाईच्या हातचं प्यायची आणि रंगुबाई तिच्या महिन्यात सुलाबाईच्या हातचं खायची. बोलणं बंद, हातचं चालू! आता याला काय म्हणायचं ते म्हणा.

भांडण कशावरून? सुलाबाईला विचाराल तर ती पदर सावरून एकच सांगायची, “मी प्रार्थना केली. प्रार्थना करणं गुन्हा हाय का?”

झालं होतं असं. रंगुबाईचा एकुलता एक मुलगा गुंडा. बाप लवकर गेलेला, आईनं शेडीवर बेदाणे निवडून वाढवलेला. पुढं तो दारूला लागला. एका संध्याकाळी रंगुबाई सुलाबाईच्या स्वयंपाकघरात येऊन बसली नि ढसाढसा रडली. गुंडानं तिच्यावर हात उचलला होता. “कुणाला सांगू नगंस,” एवढंच म्हणाली. सुलाबाईनं शब्द दिला. आणि महिन्याभरातच, बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत, वीस-पंचवीस माणसं, त्यांत रंगुबाईही, चटईवर बसलेली असताना, सुलाबाईनं डोळे मिटून खड्या आवाजात प्रार्थना केली. “हे दयाळू पित्या, आमच्या रंगुबाईच्या गुंडाला तुझ्या हाती देते. त्याची दारू सोडव. जन्म दिलेल्या आईवर तो हात उचलतो, त्या हाताला तू आवर घाल.” गुंडाची सोयरीक तेव्हा सांगलीच्या एका चांगल्या घरी जमत आली होती. त्या मुलीची मावशी त्या दिवशी तिथंच चटईवर बसली होती. आठ दिवसांत सोयरीक मोडली. गुंडा त्यानंतर जो तासगाव सोडून गेला तो लोणंदला, कुठल्याशा कारखान्यात. नाताळला तेवढा यायचा.

आता मार्च लागला होता. शेडींवर हिरव्या जाळ्या सोडल्या होत्या, द्राक्षांनी भरलेले ट्रॅक्टर दिवसभर रस्ता दणाणून सोडत होते. गुरुवारी संध्याकाळी मयूरी बाजारातून आली आणि भाजीची पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, “आई, रंगुमावशी चाललीय.”

“कुठं?” सुलाबाई तव्यापुढं होती.

“लोणंदला, गुंडादादाकडं. त्याचं लिव्हर गेलंय म्हणे. बायको तर मागंच सोडून गेली, बघायला कोण नाही. सोमवारच्या सकाळच्या एसटीनं जाणार. घराला कुलूप. परत काय येत नाही, म्हणत होती.”

तव्यावरची भाकरी करपली. पन्नास वर्षांत सुलाबाईची भाकरी करपली नव्हती. मयूरीनं ती गुपचूप काढून बाजूला ठेवली आणि गॅस बारीक केला.

सुलाबाईनं बोटं मोजली. सोमवारी जाणार, म्हणजे मधे एकच रविवार. तोही पहिला, प्रभुभोजनाचा. आणि महिना मार्च. मार्च माझा! म्हणजे ज्या चर्चमधे रंगीचं लग्न झालं, गुंडाचा बाप्तिस्मा झाला, जिथून तिचा नवरा शेवटचा उचलला, तिथून ती प्रभूच्या मेजाला हात न लावता जाणार, चिंचेखाली बसून.

त्या रात्री अंथरुणाला पाठ लागली, पण डोळा लागेना. सारखं सांगलीचं बोर्डिंग आठवत राहिलं. दोघी जत भागातल्या. सुलाचा बाप गवंड्याच्या हाताखाली, रंगीचा बाप दुसऱ्यांची मेंढरं राखायचा. एकाच साली, एकाच एसटीतून, एकाच मिशनच्या बाईंनी दोघींना बोर्डिंगात आणलं. सात-सात वर्षांच्या पोरी. पहिल्या रात्री सुला आईच्या नावानं रडत होती. शेजारच्या पोरीनं आपलं घोंगडं उचलून हिच्या अंगावर टाकलं, स्वतः आत शिरली आणि म्हणाली, “रडू नगं. हे घोंगडं माझ्या बाचं हाय. ह्याच्यात भ्या वाटत न्हाई.” घोंगड्याला मेंढरांचा वास यायचा. सुलाला पुढं सहा वर्षं त्या वासाशिवाय झोप आली नाही.

तिथल्या सकाळी! पहाटे साडेपाचला घंटा, थंडगार पाण्यानं तोंड धुवायचं, आणि मग पोरींनी रांगेत बसून गाणं म्हणायचं. रंगीचा गळा असा की मिशनच्या बाई पेटी वाजवायची थांबवून ऐकत बसायच्या. अभ्यासात मात्र रंगी ढ. काना-मात्रा तिच्या डोक्यात शिरायचा नाही. सुला तिला संडासाच्या भिंतीमागं बसवून कोळशानं फरशीवर अक्षरं काढून द्यायची, नि रंगी ती पुसून तिथं मेंढरू काढायची. चौथीला रंगी नापास झाली. तिचा बाप न्यायला आला. जाताना तिनं ते घोंगडं सुलाला देऊन टाकलं. बाप म्हणाला, “आगं, थंडी हाय.” रंगी म्हणाली, “मला घरी आय हाय. हिला हितं कोण हाय?”

पुढं नशिबानं दोघी तासगावातच दिल्या. सुलाला हरिबा मिळाला, तालुक्याच्या कचेरीत शिपाई, गाईसारखा माणूस. रंगी शेडीवर जायची, सुला बालवाडीत. नाताळच्या आदल्या दिवशी एकाच चुलीवर दोघींच्या घरच्या करंज्या व्हायच्या, आणि पहाटेच्या फेरीत पुढं गाणारी रंगी, मागं कंदील धरलेली सुला, असं अख्खं तासगाव बघायचं. हरिबा गेला तेव्हा रंगी चाळीस रात्री सुलाच्या उशाशी झोपली. दिवसभर शेडीवर राबून संध्याकाळी यायची, एक शब्द उपदेशाचा बोलायची नाही, फक्त यायची. सुलाबाईला आता त्या चाळीस रात्री एकेक करून आठवायला लागल्या. अशी माणसं हरवून माणूस फळ्यावर काय चिंतनं लिहितो, असं तिचं तिलाच वाटलं, आणि तिनं कूस बदलली.

शुक्रवारी सकाळी तिनं मनाशी निर्णय केला. मार्च सोडायचा. आपला महिना रंगीला द्यायचा. ठरवल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. थोडं चांगलंच वाटलं म्हणा ना! आपण किती मोठ्या मनाच्या, असं दिवसभर तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सुनेला दोनदा आपणहून चहा करून दिला. मयूरी घाबरलीच.

पण शनिवारी संध्याकाळी फळ्यापुढं उभी राहिली नि खडू चालेना. तिनं लिहिलं, ‘दुसऱ्याला जागा द्यावी.’ पुसलं. मग लिहिलं, ‘निरोप देताना मन मोठं ठेवावं.’ वाचून तिला स्वतःचाच राग आला, तेही पुसलं. एकदा तर ‘क्ष’ काढला. मोठा, ठसठशीत क्ष. त्याच्यापुढं हात जाईना. पंधरा मिनिटं ती त्या क्षपुढं उभी होती. बिराप्पा अंगण झाडत होता, तो झाडू टेकवून बघत राहिला. शेवटी सुलाबाईनं पदरानं तोही पुसला, खडू कमरेला खोचला आणि घरी निघाली.

“बाई, आज फळा कोराच?” बिराप्पानं विचारलं.

“दिसतंय न्हवं?” ती फाटकातून बाहेर पडता पडता म्हणाली.

रविवारी चर्च भरलं. कोऱ्या फळ्याची कुजबुज आधीच झाली होती. रंगुबाई नेहमीप्रमाणं शेवटच्या बाकावर, दाराशी. धुवट पांढरं लुगडं, हातात रुमाल. द्राक्षारसाची बाटली तिनं सकाळी बिराप्पाकडं पोचती केली होती, शेवटची. सुलाबाई पुढून तिसऱ्या बाकावर. तिचा बेत असा होता की प्रवचन संपता संपता आपण आधी उठायचं, रंगीच्या देखत बाहेर जायचं. म्हणजे न बोलता तिला कळेल. हो, न बोलताच! महिना द्यायची तयारी होती, बोलायची कुठं होती?

प्रवचन संपलं. सुलाबाई उठायला गेली आणि गुडघ्यानं दगा दिला. बाकाला धरून उभं राहीपर्यंत मागं दार कुरकुरलं. वळून बघते तर शेवटच्या बाकावरची दाराशीची जागा रिकामी. मार्च ना! रंगुबाई आपल्या नेमानं बाहेर गेली होती. आता आली का पंचाईत! सगळी मंडळी सुलाबाईकडं बघायला लागली. साहेब मेजामागं उभे. सुलाबाईनं एक क्षण विचार केला, आणि मग काठी टेकत, सगळ्यांच्या देखत, उलटी दाराकडं चालायला लागली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोघी बाहेर. आत कुणीतरी “अरे देवा” म्हणाल्याचं तिला ऐकू आलं.

चिंचेखालच्या दगडी बाकावर रंगुबाई बसली होती. सुलाबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. किती म्हातारी झाली होती रंगी! अकरा वर्षं रोज लांबून बघितलेलं तोंड, पण जवळून असं बघितलंच नव्हतं.

“आज तू जा आत,” सुलाबाई म्हणाली.

अकरा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. रंगुबाईनं मान वर केली नाही. “मार्च हाय,” म्हणाली.

“ठावं हाय मला. मी सोडला. तुला उद्या जायाचं हाय न्हवं? जा. चांगल्या मनानं देतीय.”

“तू कायम चांगल्याच मनानं देतीस, सुले,” रंगुबाई शांतपणे म्हणाली. “प्रार्थना बी चांगल्याच मनानं केलीवतीस.”

सुलाबाईच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. मग तिची जीभ सवयीनं चालायला लागली. “मग काय चूक केली मी? तू रडत आलीवतीस माझ्याकडं. लेकराचं बरं व्हावं म्हणूनच मी... प्रार्थना करणं गुन्हा...”

हजार वेळा बोललेलं, पाठ असलेलं वाक्य तिनं अर्ध्यावरच सोडलं. आत पेटी सुरू झाली होती. साहेबांनी भाकर मोडायची थांबवून एक गाणं सांगितलं होतं, आणि मंडळी ते अगदी सावकाश म्हणत होती. रंगुबाईच्या गळ्याशिवाय ते गाणं पांगळं वाटत होतं. सुलाबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. काठी दोन्ही हातांत घट्ट धरली. जी गोष्ट तिनं देवालासुद्धा कधी सांगितली नव्हती, ती आता ओठांवर आली होती, आणि मागं ढकलता येत नव्हती.

“रंगे, मला ठावं व्हतं.”

“काय?”

“मागं कोण बसलंय ते. पोरीची मावशी. डोळं झाकायच्या आधी मी वळून बघितलं व्हतं तिला. बघितलं आन् मग बोलले.” सुलाबाईचा आवाज चिरकला. “तुझ्या गुंडाची सोयरीक जमली, आन् मला ते बाजारात दुसऱ्याच बाईनं सांगितलं. तुझं रडणं तेवढं माझ्या घरी, आन् तुझा आनंद लोकांच्या घरी. मला लय झोंबलं, रंगे. म्हणून बोलले. देवाला काय सांगितलंच न्हाई मी त्या दिवशी. तिलाच ऐकीवलं. देवाचं नाव घिऊन तिला ऐकीवलं.”

झालं. बोलून झालं. सुलाबाईला वाटलं आता चिंच अंगावर पडेल. तसं काही झालं नाही. रस्त्यानं द्राक्षांचा एक ट्रॅक्टर गेला.

“मला बी ठावं व्हतं,” रंगुबाई म्हणाली.

“कवापासनं?”

“त्याच दिवशी. तू वळलीस तवा मी तुझ्याकडंच बघत व्हते.”

“आन् अकरा वर्सं बोलली न्हाईस?”

“मी काय बोलायचं? बोलायचं तू व्हतंस.” रंगुबाईनं रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. “पोरीकडची माणसं म्हणालीवती, पक्कं हुईस्तवर कुणाला बोलू नगा. रविवारी पक्कं व्हनार व्हतं. रविवारी मी साखर घिऊन पयल्यांदा तुझ्या घरी येनार व्हते. तू बुधवारीच...”

चार दिवस. सुलाबाईनं डोळे मिटले. चार दिवस दम निघाला नाही आपल्याला.

“पोरीचं भलंच झालं आसंल,” रंगुबाई पुढं म्हणाली. “दारुड्याच्या पदरात पडली न्हाई. मी काय खुळी न्हाई, त्ये बी कबूल करते. मी लपवीत व्हते, त्ये माझं पाप. खरं त्ये तू मला सांगायचं व्हतंस, माझ्या तोंडावर. ‘रंगे, परक्याच्या लेकीला फसवू नगंस’ म्हणून. मी मोडली असती सोयरीक. तुझं कवा ऐकलं न्हाई गं मी?”

आता सुलाबाईला आवरेना. बहात्तर वर्षांची बाई, बोर्डिंगातल्या पहिल्या रात्रीसारखी हमसून हमसून रडली. “माफ कर, रंगे. लय उशीर केला. माफ कर मला.”

रंगुबाईनं हात पुढं केला नाही. आतलं गाणं संपलं आणि मंडळीनं तेच पुन्हा पहिल्यापासून धरलं. बिराप्पा दारात येऊन दोघींकडं बघून गेला.

“माफी काय, शेंग फोडल्यासारखी लगीच निघत न्हाई,” रंगुबाई शेवटी म्हणाली. “अकरा वर्सांचं हाय. येळ लागंल. खरं एक काम कर माझं.”

“काय सांगशील ते करते.”

“गुंडासाठी प्रार्थना कर. हितं, आत्ता. नाव घिऊन.” इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे भरून आले. “डाक्टरनं हात टेकलंत, सुले. पोट फुगलंय त्याचं. मला आय म्हणून हाक मारतोय, आन् मला त्याच्याकडं बघवंना. रोज प्रार्थनेला बसते नि मला शब्दच सुचंनात. तुला येतंय चांगलं बोलाया. त्या दिवशीची मावशीला ऐकाया केलीस. आज त्याच्यासाठी कर.”

सुलाबाईनं डोळे मिटले. या वेळी मागं वळून बघितलं नाही. हजार चिंतनं लिहिलेली बाई, पण एक ओळ सुचेना. ‘हे दयाळू पित्या’ सुचेना, ‘तुझ्या हाती देते’ सुचेना. डोळ्यांपुढं येत होता तो बालवाडीतला गुंडा, नाकातून शेंबूड, हातात अर्धी पेन्सिल, “बाई, ह्ये बघा” म्हणणारा.

“देवा,” ती म्हणाली. “आमचा गुंडा.”

थांबली. काठी मांडीवर आडवी ठेवली आणि हात जोडले.

“आमचा गुंडा, देवा. त्याला बघ.”

एवढंच. सुलाबाईनं उभ्या आयुष्यात केलेली सगळ्यात लहान प्रार्थना. मग शेजारून, अगदी हळू, रंगुबाईचं “आमेन” आलं.

रंगुबाई उठली. पदरानं आधी आपलं तोंड पुसलं आणि मग सुलाबाईच्या काखेत हात घालून तिला उठवलं. गुडघा कुरकुरला. दोघी पायऱ्या चढून आत गेल्या. गाणं मधेच बंद पडलं. तरुण साहेब मेजामागं तसेच उभे होते, डोळे लाल झालेले, हातात सुलाबाईची भाकर. बाकी माणसं मेजापुढच्या कठड्याशी गुडघे टेकून वाट बघत होती, आणि अकरा वर्षांच्या सवयीनं त्यांनी मधे एकीपुरतीच जागा सोडली होती.

रंगुबाईनं त्या जागेकडं बघितलं, सुलाबाईकडं बघितलं, आणि कडेच्या बाईला कोपरानं ढकललं.

“सरा की गं वाईच,” ती म्हणाली. “आमी दोघी हाय.”